खाडीकडचा सज्जा

आमच्या घराच्या पश्चिमेला, खाडीकडे तोंड करून, एक लाकडी सज्जा आहे. बारा हात लांब, पाच हात रुंद. माडीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की थेट सज्जावर. वर कौलाचं पाखं थोडंसं पुढे आलेलं, पण ते नावालाच. आषाढात वारा खाडीवरून सरळ घरावर येतो आणि पाऊस आडवा पडतो. त्या पावसात गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं हे लाकूड उघड्यावर आहे. मधली सात-आठ वर्षं मात्र त्याचे हाल झाले, आणि ते माझ्यामुळे झाले. ती गोष्ट मी घरात कधी नीट सांगितली नाही. आता पोराने बागेत पाहुण्यांसाठी लाकडी डेक बांधायला काढलंय, म्हणून सांगायची वेळ आली.

आमचा गाव देवगड तालुक्यातला, वाघोटन खाडीच्या काठचा. आमच्याकडे मिरगापासून हस्तापर्यंत शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पण लाकडाचा खरा वैरी तो आकडा नव्हे. पाऊस थांबला तरी हवा ओली असते. पेटीतला कपडा बुरसतो, मीठ पाझरतं, काडेपेटीची काडी पेटत नाही. अशा हवेत फळी एकदा भिजली की आठवडा-आठवडा वाळत नाही. देशावरचं लाकूड भिजतं आणि वाळतं. आमचं लाकूड भिजतं आणि भिजलेलंच राहतं.

सज्जा बांधला माझ्या आजाने, १९३८ साली. त्याच्या वहीत खर्च मांडलेला आहे, तुळयांचा, सुतारांच्या मजुरीचा, चुन्याचा. फळ्यांच्या नावापुढे मात्र ‘पडावाच्या’ एवढाच शब्द आहे. त्या काळी आमच्या खाडीत शिडाची गलबतं आणि पडाव येत. मुंबईहून मीठ, कौलं, कापड आणत आणि इकडून लाकूड, नारळ, सुपारी नेत. एक जुना पडाव काठावर ओढून मोडीत काढला, त्याच्या वरच्या अंगाच्या सागाच्या फळ्या आजाने विकत घेतल्या. म्हणजे आमचा सज्जा हा आधी समुद्रावर फिरून आलेला. फळ्यांना जुन्या खिळ्यांची भोकं होती. सुतारांनी त्यात लाकडी खुंट्या ठोकून ती बुजवली होती. लहानपणी मी आणि माझी बहीण त्या खुंट्या मोजत बसत असू.

या खाडीला लाकडाची आणि जहाजांची ओळख जुनी आहे. विजयदुर्ग आमच्या खाडीच्या तोंडावर. तिथून जवळ गिर्ये गावाच्या हद्दीत खडक फोडून केलेली मराठा आरमाराची गोदी आजही बघायला मिळते. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते उघडं पडलं की डागडुजी करायची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं आणावं हे लिहिलेलं आहे. सागासारखी लाकडं परवानगीने तोडावीत, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, माणसांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा अर्थ. झाड जीर्ण झालेलं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊनच न्यावं. शाळेच्या पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. स्वतःची कलमं वाढवल्यावर त्याची किंमत कळली.

आज्ञापत्रानंतर शंभरएक वर्षांनी मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले पारशी कारागीर इंग्रजांसाठी युद्धजहाजं बांधत होते. लवजी वाडिया सुरतेहून १७३६ साली मुंबईला आले, तिथून ही परंपरा सुरू झाली. लाकूड बहुतेक मलबारचा साग. त्यांच्या हातचं १८१७ साली पाण्यात सोडलेलं ‘त्रिंकोमाली’ नावाचं जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल बंदरात तरंगतंय. दोनशे वर्षं झाली. इंग्रजांची जहाजं तिकडच्या ओक लाकडाची असत. ओकातलं आम्ल लोखंडाचे खिळे खातं, आणि सागातलं तेल लोखंडाला उलट जपतं. सागाची ख्याती झाली ती अशी.

पण नुसता साग आहे म्हणून जहाज टिकत नाही. जहाजाच्या वरच्या फळ्यांवर खलाशी रोज सकाळी समुद्राचं पाणी ओतून घासत. लहानपणी हे ऐकून मला नवल वाटायचं, की लाकूड वाचवायचं म्हणून त्यावर पाणी कसं ओततात? बाबांनी समजावलं होतं, की खारं पाणी लाकडाला मुरंब्यासारखं टिकवतं, कुजवतं ते गोडं पाणी. जहाजाला समुद्राची भीती कमी, पावसाची जास्त. फळ्यांमध्ये साचून राहिलेल्या पावसाच्या पाण्याने आतून कितीतरी जहाजं कुजली.

बाबांचं वर्ष

माझे बाबा शेतकरी. शाळा चौथीपर्यंत. पण सज्जाच्या बाबतीत त्यांचं एक ठरलेलं वर्ष होतं आणि ते पंचांगासारखं चालायचं.

दिवाळी झाली की सज्जा धुवायचा. नारळाचं सोडण आणि चुलीतली राख घेऊन शेवाळ काढायचं. घासायचं ते फळीच्या रेषांच्या दिशेने, आडवं नाही. आडवं घासलं की लाकडाचे धागे उभे राहतात आणि त्या धाग्यांत पुढच्या वर्षी दुप्पट शेवाळ धरतं. मग बांबूची पातळ कांबी घेऊन दोन फळ्यांमधल्या फटी साफ करायच्या. आंब्याची पानं, माती, पाखरांची घाण, सगळं त्या फटींत जाऊन बसतं आणि ओल्या बोळ्यासारखं पाणी धरून ठेवतं. हे काम आम्हा पोरांचं. एक फट साफ केली की एक लाडू, असा आईचा दर होता.

पौष-माघात हवा कोरडी झाली की तपासणी. बाबा दाभण घेऊन सज्जाखाली शिरत. तुळई, कड्या, फळ्यांची तोंडं, एकेका जागी दाभण टोचून बघत. चांगल्या लाकडात दाभण जात नाही. जिथे लोण्यासारखं शिरलं तिथे खडूची खूण. मग पहारीच्या टोकाने वाजवून बघत. बरं लाकूड खणखणतं, पोखरलेलं ठप्प वाजतं.

वैशाखात तेल. उन्हाने फळी तापून पायाला चटका बसेल अशा दिवशी. तेल उंडीचं. आमच्या किनाऱ्यावर उंडीची झाडं आहेत, त्यांच्या बियांचं घाण्यावर काढलेलं कडू तेल. पूर्वी ते दिव्यात जळायचं आणि होड्यांनाही लागायचं. ते कोमट करून फडक्याने फळीला चोळायचं. फळी पिईल तेवढंच द्यायचं. तासाभराने वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. नाही पुसलं तर ते चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि पावसात त्याच धुळीवर काळी बुरशी येते. फळीच्या दोन्ही टोकांना मात्र तीनदा तेल. लाकूड पाणी पितं ते तोंडाने, अंगाने कमी. झाड उभं असताना मुळातून पाणी वर चढायचे जे मार्ग असतात, तेच मार्ग फळीच्या कापलेल्या टोकाला उघडे पडलेले असतात.

मिरगाआधी खाडीच्या बाजूला नारळाच्या चुडतांची झडी बांधायची. पाऊस तीत अडकतो, वारा मात्र आत येतो. आणि पावसाचे चार महिने रोज सकाळी खराटा. पाणी झाडून टाकायचं, पडलेलं पान उचलायचं. ते काम आईचं. सज्जावर ओलं पोतं ठेवायचं नाही, कळशी थेट फळीवर ठेवायची नाही. काही ठेवायचंच असेल तर खाली दोन काठ्या.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती आणि ती बाबा एकाच वाक्यात सांगत. “पाऊस लाकडाक मारणा नाय. कोंडलेला पाणी मारता.”

हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. त्याचा अर्थ बाबा विहिरीवर नेऊन दाखवत. विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड घातलेलं होतं, ते कायम पाण्यात, म्हणून कुजत नाही. कारण कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि तिथे ती मिळत नाही. आढ्याचा वासा कायम कोरडा आणि चुलीच्या धुराने काळा झालेला, तोही कुजत नाही. कुजतो तो कुंपणाचा खांब, आणि तोसुद्धा वर नाही, खाली नाही, बरोबर जमिनीला लागतो तिथे. तिथे ओल पण आहे आणि हवा पण आहे. म्हणून घराच्या खांबाखाली दगडाचा तळखडा. म्हणून सज्जाच्या फळ्यांमध्ये फट. आजाच्या सुतारांनी प्रत्येक दोन फळ्यांत दोन ढब्बू पैसे उभे राहतील एवढी जागा सोडली होती. पावसात फळ्या फुगत, फट बारीक होई, पण बंद होत नसे. पडलेलं पाणी खाली निघून जाई आणि खालून वारा वर येई.

माझं शहाणपण

बाबा १९९४ साली गेले. दोन वर्षांनी धाकट्या बहिणीचं लग्न घरीच करायचं ठरलं. मुलाकडची माणसं मुंबईची. मी तेव्हा सदतिसाचा, दहावी शिकलेला, घरातला कर्ता. मला आमचं घर जुनाट वाटायला लागलं होतं. सज्जाच्या फळ्या राखाडी पडलेल्या, फटींतून खालचं अंगण दिसायचं. वऱ्हाडातल्या एखाद्या बाईचा पाय अडखळेल, एखाद्या पोराचा पैसा फटीतून खाली जाईल, असं मी मलाच समजावलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

मी चार गोष्टी केल्या. एक, फटी लाकडाचा भुसा आणि सरस भरून बुजवल्या. दोन, वरून तपकिरी ऑइलपेंटचे दोन हात दिले. तीन, त्यावर फुलाफुलांचं प्लॅस्टिकचं जाजम चिकटवलं. चार, सज्जाखालची जागा मोकळी होती, तिथे चिऱ्याच्या भिंती घालून आंबा ठेवायला खोली काढली.

आमच्याकडे एक जुने मेस्त्री येत. त्यांचे वडील आजाच्या वेळी या कामावर होते. त्यांनी फटी बुजवताना बघितलं आणि म्हणाले, “फटी नको भरू रे, सज्जाचो श्वास तो.” मी त्यांना उलट विचारलं, “पडावाच्या फटी भरत नव्हते का? कापूस ठासून वर राळ घालत होते ना? याच फळ्या ना त्या?” मेस्त्री गप्प बसले. मला वाटलं, मी त्यांना पेचात पकडलं.

पुढे कळलं की उत्तर सोपं होतं. पडावाला पाणी आत येऊ द्यायचं नसतं, सज्जाला आलेलं पाणी जाऊ द्यायचं असतं. लाकूड एकच, पण काम उलटं. शिवाय पडावाच्या फटी दरवर्षी उकरून पुन्हा भरत. मी एकदा भरल्या आणि विसरलो.

पहिली दोन वर्षं सगळे वाहवा करत होते. तिसऱ्या पावसाळ्यात जाजमाच्या कडा उचलल्या गेल्या, मी पुन्हा चिकटवल्या. रंगाला फोड आले, मी वरून आणखी एक हात दिला. रंगाचा पापुद्रा पाणी अडवतो असं आपल्याला वाटतं. पण उन्हा-पावसात लाकूड फुगतं-आटतं, रंग फुगत नाही. मग त्याला केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला मात्र वाट राहत नाही. वैशाखातलं तेल बंद झालं, कारण रंगावर तेल कसं लावणार? दाभण बंद झालं, कारण खालच्या खोलीला मी छत ठोकून घेतलं होतं. आई मात्र रोज सकाळी प्लॅस्टिकवरून खराटा फिरवत होती.

२००३ सालच्या श्रावणात दुपारी अचानक सर आली. आई वाळत घातलेले कपडे काढायला सज्जावर गेली. मी खाली गोठ्यात होतो. लाकूड मोडल्याचा मोठा आवाज झाला नाही, ओला कडबा मोडावा तसा झाला. आईचा डावा पाय मांडीपर्यंत खाली गेला आणि ती कुशीवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय एकाहत्तर. त्या पावसात तिला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेताना वाटेत ती एकच विचारत होती, कपडे भिजले का?

ऑपरेशन झालं, पण आई पुन्हा काठीशिवाय चालली नाही. २००८ साली ती गेली. त्या पाच वर्षांत तिने मला एकदाही बोल लावला नाही. उलट कोणी विचारलं तर म्हणायची, “त्येचो दोष नाय. लाकडाचो काळ भरललो.”

लाकडाचा काळ भरला नव्हता. ते मला पंधरा दिवसांत कळलं.

उघडून पाहिलं तेव्हा

मेस्त्रींना बोलावलं. जाजम काढलं, त्याच्या खाली रंग शेवाळलेला आणि बुळबुळीत. फळ्या एकेक करून उचलल्या. मला वाटलं होतं सगळ्या गेल्या. पण सागाच्या त्या पडावाच्या फळ्या, रंग खरवडल्यावर, बऱ्याचशा धडधाकट निघाल्या. टोकं तेवढी काळी पडून भुसभुशीत झालेली. गेलं होतं ते खालचं लाकूड. तुळया आणि कड्या किंजळीच्या. किंजळ चांगलं लाकूड, पण सागाइतकं चिवट नाही. फटी बुजल्यामुळे पाणी फळीच्या खालच्या अंगाने सरकत जाऊन कड्यांवर बसत होतं आणि खालची खोली बंद असल्याने तिथला वारा थांबला होता. त्यात खोलीच्या भिंतीतून वाळवीला थेट वर जायला रस्ता मी बांधून दिला होता. कडी हातात घेतली तर वरचं कातडं शाबूत आणि आत मातीची नळी. आईच्या पायाखालची कडी नेमकी तशी होती.

मेस्त्री कोपऱ्यात बसून विडी ओढत होते. म्हणाले, “तुझ्या बापाशीन पन्नास वर्सां सांबाळल्यान. तू सात वर्सांत घालवलंस.” तेवढंच बोलले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं. खालची खोली पाडली. सागाला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी लागते, ती काढून आमच्याच रानातले दोन साग तोडले. त्यांचा वरचा पांढरा भाग काढून टाकला, कारण सागाची कीर्ती आहे ती आतल्या गाभ्याची. बाहेरचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी किडा ते खातोच. लाकूड सावलीत, खाली काठ्या घालून, वारा लागेल असं रचून दहा महिने वाळवलं. २००४च्या दिवाळीनंतर सज्जा पुन्हा उभा केला. कड्यांची भिंतीत जाणारी टोकं तेलात बुडवून मगच बसवली. बाहेरच्या बाजूला बोटभर उतार ठेवला. जुन्या फळ्यांची टोकं वीतभर कापून त्याच पुन्हा वापरल्या. फट ठेवताना मेस्त्रींनी कनवटीतून दोन ढब्बू पैसे काढले, दोऱ्याने बांधलेले. त्यांच्या वडिलांचे. आजाच्या वेळी हेच पैसे फटीत धरले होते.

मधल्या काळात मी इतर प्रयोगही करून बघितले, तेही सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. जवसाचं तेल लावून बघितलं. ते देशावर चालत असेल, आमच्या दमट हवेत त्याच्यावर बुरशी पोसते. त्यात त्या तेलाची फडकी गुंडाळून ठेवली तर आपोआप पेट घेतात, म्हणून ती मोकळी पसरूनच वाळवावीत. टाकणखाराचं पाणी वाळवीवर आणि बुरशीवर चांगलं, पण ते पावसात धुऊन जातं, म्हणून पाखाखालच्या कोरड्या लाकडालाच लावायचं. गाड्या धुवायच्या जोराच्या पाण्याच्या मशीनने एकदा सज्जा धुतला. दिसायला चकाचक झाला, पण लाकडाचे मऊ धागे उडून गेले आणि फळी कंगव्यासारखी झाली. शेवटी सोडण आणि राखच खरी.

पोराचं डेक

आता पोराची गोष्ट. तो मुंबईला नोकरीला होता, परत आला, बागेत दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवतो. पाहुण्यांना खाडीकडे बघत बसायला जागा पाहिजे म्हणून पंधरा बाय वीस फुटांचं डेक. त्याने मला चित्र दाखवलं. मी म्हटलं, “अरे, हा तर सज्जा, फक्त जमिनीवर आणलेला.” तो हसला.

लाकूड आलं ते परदेशी पाइन, औषध मुरवलेलं, अंगाला हिरवट झाक. ती झाक बघून मला सुपारीची बाग आठवली. सुपारीवर पावसात कोळेरोग येतो, म्हणून आम्ही पावसाआधी बोर्डोमिश्रण फवारतो, शंभर लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना. तांब्याने बुरशी मरते हे कोकणातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. माझा भाचा दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्र शिकला, त्याला विचारलं. तो म्हणाला, हे तसंच आहे. लाकडात दाबाने मुरवायचं तांबं-आर्सेनिकचं औषध आपल्याकडचंच. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधून काढलं. तांबं बुरशीसाठी, आर्सेनिक किड्यासाठी, आणि क्रोमियम ते दोन्ही लाकडात धरून ठेवण्यासाठी. पुढे अमेरिकेत घरोघरी जी लाकडी डेक झाली, ती बहुतेक याच औषधाच्या लाकडाची. आर्सेनिक विषारी, म्हणून २००३च्या अखेरीला तिथल्या कारखानदारांनी घरगुती कामासाठी ते वापरणं थांबवलं आणि नुसत्या तांब्याची औषधं आली.

२००३ हे साल ऐकून मी थोडा वेळ गप्प झालो. त्याच साली आमची आई पडली होती.

पोराला मी एवढंच विचारलं, “औषध आहे, मग आता बघायला नको?” तो म्हणाला, ठेकेदार म्हणतोय की वरून चकचकीत पॉलिशचा जाड थर दिला की पाच वर्षं हात लावायला नको. खाली जमिनीलगत मातीत खांब पुरू, चहूबाजूंनी फळ्या मारून खालचं झाकू, म्हणजे पाहुण्यांना खालची घाण दिसणार नाही.

मग मी त्याला सज्जावर घेऊन गेलो आणि ही सगळी गोष्ट सांगितली. आजी कशी पडली हे त्याला माहीत होतं. का पडली हे माहीत नव्हतं. तो त्या वेळी तेरा वर्षांचा होता, आणि आईचं ‘लाकडाचो काळ भरललो’ हेच त्याने खरं धरलं होतं. मी सांगत असताना तो खाली फळीकडे बघत होता. शेवटी म्हणाला, “बाबा, आजीला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून,” मी म्हटलं. “रोज झाडणारी बाई ती. फळी पायाला दबते हे तिने मला दोनदा सांगितलं होतं. मी म्हटलं, प्लॅस्टिक मऊ आहे म्हणून तसं वाटतं.”

हे वाक्य मी वीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

डेकचं काम बदललं. खांब मातीत न पुरता चिऱ्याच्या तळखड्यावर बसले. खालची बाजू मोकळी ठेवली, दोन हात उंच, माणूस वाकून आत जाईल एवढी. खाली जमिनीला उतार आणि खडी. पॉलिशचा थर नाही. औषधाच्या लाकडालाही वर्षातून एकदा आत मुरणारं तेल लागतं, आणि कापलेल्या टोकाला तर औषध पुन्हा लावावंच लागतं, कारण दाबाने मुरवलेलं औषध बहुतेक वेळा गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं. ठेकेदार कुरकुरला. पोराने ऐकलं नाही.

फटीचा प्रश्न आला तेव्हा मेस्त्री नव्हते, ते जाऊन दहा वर्षं झाली. त्यांचे ढब्बू पैसे त्यांच्या नातवाकडे असतील, नसतील. पोराने खिशातून दहा-दहाची दोन नाणी काढली, एकावर एक धरली आणि मला दाखवली. मी बोटाने चाचपून बघितलं आणि मान हलवली.

आमच्या गावात आज निम्मी घरं बंद आहेत. माणसं मुंबईला, गणपतीला चार दिवस येतात. कुलूप काढलं की वास येतो तो बुरशीचा. माडीची फळी दबते, वासा खचलेला असतो. मग म्हणतात लाकूड वाईट, आता स्लॅबच घालू. मी त्यांना दोष देत नाही, पोटासाठी गेलेली माणसं ती. पण चूल पेटत होती, धूर फिरत होता, दारं उघडत होती, सकाळी कोणीतरी झाडत होतं, तोवर त्याच लाकडाने तीन-तीन पिढ्या काढल्या. तेल, मोरचूद, पॉलिश ही नंतरची गोष्ट. लाकडाला आधी रोज कोणीतरी त्याच्यावरून चालणारं लागतं, आणि पायाला काय लागलं ते सांगितलं तर ऐकणारं लागतं.

सज्जा अजून आहे. यंदाच्या वैशाखात माझे गुडघे दुखत होते, तेल पोराने लावलं. मी खाली दाभण घेऊन बसलो होतो. एका कडीला खडूची खूण केली आहे. पाऊस सरला की ती बदलायची.